ठोकळे नऊ, बरोबर

मी एक जुना लाकडी डबा आहे. सरकारी मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, खोली नंबर सहामध्ये राहतो. माझ्या पोटात नऊ ठोकळे असतात, आणि त्यांतल्या एकानं पुष्कळ माणसांचं नुकसान केलं. हे आधीच सांगून टाकतो. आम्हा जुन्या वस्तूंची गोष्ट 'मी पूर्वी किती चकचकीत होतो' इथून सुरू करायची पद्धत आहे. होतो मीही चकचकीत. पण मित्रांनो, त्या चकाकीला आता काय चाटायचंय?

आणखी एक. तुम्हाला माझी दया यावी म्हणून मी बोलत नाहीये. मला फोडून जाळून टाका, असा हुकूम झाला होता. मी अजून जळालेलो नाही, म्हणून बोलतोय.

एका सुतारानं चांगल्या वाळलेल्या लाकडातून मला घडवलं. सरकतं झाकण, आत हिरवं कापड, आणि कापडावर दाटीनं बसलेले नऊ ठोकळे. प्रत्येक ठोकळ्याला सहा बाजू: दोन लाल, दोन पांढऱ्या, आणि दोन अर्ध्या-अर्ध्या. अर्ध्या म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ, रेघेच्या एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला पांढरं. नऊ सक चोपन्न. अठरा लाल, अठरा पांढऱ्या, अठरा अर्ध्या. हा हिशोब लक्षात ठेवा. मोठमोठ्या माणसांच्या लक्षात तो राहिला नाही.

खोली नंबर सहा मानसशास्त्रज्ञांची. इथं सुई टोचत नाहीत, कडू औषध देत नाहीत. इथं माणसाशी बोलतात, त्याचं ऐकतात, आणि त्याचं कुठं अडलंय ते शोधतात. सोपं वाटतं ना? मग कधी तरी एखाद्याचं पाऊण तास मध्ये न बोलता ऐकून बघा. पाचव्या मिनिटाला तुम्हाला स्वतःच्या काकांची गोष्ट सांगावीशी वाटेल.

पण काही माणसं बोलतच नाहीत. काहींना बोलता येत नाही, काहींची भाषा खोलीत कुणालाच कळत नाही, काहींनी बोलणं सोडून दिलेलं असतं. त्यांची समज कशी बघायची? मग माझं झाकण सरकतं. समोर एक चित्र ठेवतात, चार ठोकळे हातात देतात आणि खुणेनं सांगतात, हे असं लाव. पहिली दोन चित्रं नुसत्या लाल-पांढऱ्याची असतात. तिसऱ्यापासून तिरप्या रेघा येतात. शंकरपाळ्यासारखा चौकोन, बाण, फुलपाखरू. त्यांना चारही ठोकळ्यांच्या अर्ध्या बाजू लागतात. पुढं नऊ ठोकळ्यांची चित्रं येतात. घड्याळ चालू असतं. लागोपाठ तीन चित्रं चुकली की थांबवायचं, असा नियम आहे. मग आकडा निघतो. आकडा कमी आला की समज कमी असल्याचा दाखला निघतो. आणि दाखल्यावरून माणूस कुठल्या दारातून आत जाणार, ते ठरतं.

सुरुवातीची वर्षं मानाची गेली. मग एक दिवस वॉर्डातले एक म्हातारे पोस्टमन माझ्यापुढं बसले. त्यांचा उजवा हात सारखा थरथरायचा. त्यांनी एक ठोकळा मुठीत धरला आणि हात थांबला. त्या वेळच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडे, जाईपर्यंत." पोस्टमन बरे होऊन घरी गेले आणि खिशातून ठोकळाही गेला. मला त्याचं दुःख नाही. माझ्याकडून कुणाला मिळालेलं ते एकमेव औषध.

पण पोटात आठच उरले. नवा संच मागवायचा तर अर्ज, अर्जावर शेरा, शेऱ्यावर उलटा शेरा. खोलीचे शिपाई, ज्यांना अख्खा दवाखाना मामा म्हणतो, ते म्हणाले, "एका ठोकळ्यापायी एवढी यातायात कशाला? मी करून देतो." मामांनी मोडक्या खिडकीच्या चौकटीतून एक तुकडा कापला, घासला, पॉलिशपेपर मारला. आग विझवायच्या बादल्यांसाठी आणलेला लाल रंग उरला होता, तो लावला. पांढराही कुठून तरी मिळवला. तीन बाजू लाल, तीन बाजू पांढऱ्या. तिरप्या रेघेच्या बाजू मात्र केल्या नाहीत. मामांच्या मते ती उगाच नक्षी होती.

दरवर्षी साठ्याची तपासणी असते. मामा झाकण सरकवायचे, बोटानं मोजायचे आणि वहीत लिहायचे: 'ठोकळे नऊ, बरोबर.' नऊ तर होतेच. प्रत्येकाला बाजू किती आणि कुठल्या, असा रकाना वहीत नव्हता.

आता विचार करा, मित्रांनो. नवातले चार उचलायचे. मामांचा ठोकळा त्या चारांत आला नाही तर सगळं ठीक. आला, तर तिसरं चित्र देवाचा बापसुद्धा लावू शकत नाही. चौथं नाही, पाचवंही नाही. तीन चुका, थांबा, आकडा. माणसाची समज बघायची सोडून आम्ही त्याचं नशीब मोजत होतो, आणि त्यावर गोल शिक्का मारत होतो.

डॉक्टरीणबाईंची बदली झाली आणि घाईसर आले. हे नाव मामांनी ठेवलं. सर चहासुद्धा उभ्यानं प्यायचे, बसलं तर खुर्चीला सवय लागेल म्हणून. माणूस वाईट नव्हता. एवढ्या दवाखान्याला एकटा होता, आणि दाराबाहेरचा बाक कधी रिकामा नसायचा. पण त्यांची नजर घड्याळावर असायची. समोरच्याच्या हातांवर नसायची.

एका बुधवारी, म्हणजे दाखल्यांच्या वारी, आठ वर्षांची एक मुलगी आली. आई गेल्यापासून ती बोलत नव्हती. सांभाळणारी मावशी तिला मुंगी म्हणायची, कारण ती चालायची भिंतीच्या कडेकडेनं. मुंगीनं पहिली दोन चित्रं पटापट लावली. तिसऱ्याला अडली. मामांचा ठोकळा तिनं फिरवला, पुन्हा फिरवला, सहाही बाजू बघितल्या आणि सरांपुढं धरला.

"हा वेगळाय," ती म्हणाली.

मित्रांनो, सात महिन्यांतलं ते तिचं पहिलं बोलणं होतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या मावशीनं ते ऐकलं असतं, तर दार तोडून आत आली असती.

"बोलायचं नाही. लाव," घाईसर म्हणाले. घड्याळ टक्कन वाजलं. "वेळ संपली."

तीन वेळा संपली. सरांनी केसपेपरवर लिहिलं: 'सूचना पाळत नाही.' खाली आकडा लिहिला. त्या आकड्यानं मुंगीला शाळेतून काढून दूरच्या एका कार्यशाळेत बसवलं. तिथं मेणबत्त्यांना वाती लावायच्या होत्या. सहा वर्षं तिनं वाती लावल्या.

मी डबा. मला तोंड नाही. पण झाकण आहे, आणि त्या दिवसापासून ते अडकायला लागलं. मामा म्हणाले, हवेनं फुगलंय. म्हणू दे.

घाईसर गेले आणि मॅडम आल्या. मॅडमची एक रीत होती. ठोकळे हातात दिल्यावर त्या घड्याळ लगेच सुरू करायच्या नाहीत. म्हणायच्या, "आधी नीट बघून घे. ओळख करून घे. घाई नाही." काम तुंबायचं, वरून विचारणा व्हायची, बाहेर लोक कुरकुरायचे. मॅडम ढिम्म. पण खरं ते सांगतो: दोन वर्षं त्याही माझ्याकडून फसल्या. बोलणाऱ्या माणसांसाठी त्यांच्याकडे प्रश्नांची पुस्तिका होती, माझी पाळी महिन्यातून एखादी. रोज बघितलेल्या ठोकळ्याच्या बाजू कोण मोजतो?

मग एका बुधवारी मावशी आणि मुंगी पुन्हा आल्या. दाखल्याची मुदत संपली होती. मुंगी आता चौदा वर्षांची. बोलायची, पण मोजून-मापून.

"आधी बघून घे," मॅडम म्हणाल्या.

मुंगीनं नऊच्या नऊ ठोकळे एकेक करून फिरवले. मामांचा ठोकळा हाती आला तशी थांबली. मग तो तिनं टेबलाच्या पार कडेला सरकवला.

"हा नको."

"का गं?"

"हा वेगळाय. मागच्या वेळीही होता. मी सांगितलं होतं."

"कुणाला?"

"इथंच. घड्याळवाल्या सरांना."

मॅडमनी ठोकळा उचलला. फिरवला. दुसरा उचलून शेजारी ठेवला. मग चोपन्न बाजू मोजल्या, आणि अर्ध्या बाजू अठराऐवजी सोळा भरल्या. त्यांचा चेहरा असा उतरला की मावशीच घाबरली.

"काय झालं मॅडम? पोरीनं काही मोडलं का?"

"नाही. आम्ही मोडलंय." मॅडमनी शक्य तेवढ्या शांतपणे सगळं सांगितलं. मुंगीची तपासणी चुकीच्या ठोकळ्यानं झाली होती. पुन्हा करावी लागेल. आकडा वेगळा येईल, कदाचित दाखला मिळणारच नाही.

तुम्हाला वाटेल, मावशी आनंदानं रडली. छे! ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मिळणार नाही म्हणजे? कागद नाही तर ती कार्यशाळेची जागा जाईल. शाळेनं कधीच हाकललंय. मग काय मी लोकांचे कपडे इस्त्री करताना तिला दिवसभर टेबलाखाली बसवू? तुमचं खरं-खोटं तुमच्यापाशी ठेवा, बाई. मला जुनाच आकडा द्या, शिक्का मारा, आम्ही चाललो."

"मावशी, ती हुशार असली तर?"

"हुशार आहे हे मला तुम्ही सांगायचं? घरातला हिशोब तीच बघते! पण हुशारीला जागा कोण देतं, ते सांगा. वेड्या ठरवलेल्या पोरीला निदान एक बाक तरी आहे."

मुंगी तेवढ्यात हळूच म्हणाली, "मावशी, मला वाती लावायचा कंटाळा आलाय."

मावशीचे कंबरेवरचे हात सुटले. मग मावशीनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "लाव मग. बघू काय दिवे लावतेस ते."

त्या दुपारी मॅडमनी मामांना बोलावलं. मामांनी ठोकळा बघितला आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "हा मी केलाय. आठ वर्षं झाली."

"मामा, फार सफाईनं केलाय हो," मॅडम म्हणाल्या. "कुणाला संशयच आला नाही."

मामांना कुणी शिव्या घातल्या असत्या तर त्यांनी त्या झेलल्या असत्या. हे कौतुक त्यांना झेपलं नाही. खांद्यावरचं फडकं तोंडावर धरून ते बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी घरून पट्टी आणि बारीक कुंचला घेऊन आले. तीन दिवस खपून नवा ठोकळा केला. तिरपी रेघ अशी मारली की सुरीनं कापल्यासारखी. मॅडमनी पुन्हा मोजल्या: अठरा, अठरा, अठरा.

मुंगीची तपासणी पुन्हा झाली, अख्खी. नऊ ठोकळ्यांचं शेवटचं चित्र तिनं वेळ उरवून लावलं. वरून विचारलं, "संपली? अजून नाहीत का?"

इथं थांबता आलं असतं. एका मुलीचा कागद बदलायचा, ठोकळा फेकायचा, हात झटकायचे. पण मॅडमनी आठ वर्षांचे केसपेपर काढले. माझ्यापुढं बसलेली माणसं निघाली एकशे सहा. पहिली दोन चित्रं नीट लावून पुढची तीन चुकलेली सदतीस. त्या सदतीसांतल्या नऊ केसपेपरांवर मॅडमची स्वतःची सही होती. ते नऊ त्यांनी लपवले नाहीत. यादीत सगळ्यांत वर घातले. आणि यादी घेऊन, मला बगलेत मारून, त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या.

मोठे साहेब म्हणजे दवाखान्याचे अधीक्षक. टेबल एवढं लांब की पलीकडचा माणूस आपोआप लहान दिसावा. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला.

"मॅडम, हे मोहोळ कशाला उठवताय? जुन्या गोष्टी आहेत. शिक्के बसलेत."

"शिक्के चुकीचे बसलेत, सर. सदतीस जणांना पत्रं पाठवून बोलावायचंय. तुमची सही लागेल."

"आणि उद्या पेपरात आलं तर? असं करा, हा डबा मोडीत काढा. फोडून जाळून टाका. विषय संपला."

"डबा जळेल, सर. माणसं कुठं जाळायची?"

साहेबांचा आवाज चढला. "अहो, एका लाकडाच्या ठोकळ्यानं एवढा काय फरक पडतो? पोराटोरांचा खेळ तो!"

मॅडमनी माझं झाकण सरकवलं. त्या दिवशी ते अडकलं नाही, हे नमूद करून ठेवतो. त्यांनी तीन खरे ठोकळे काढले, चौथा खोटा, आणि समोर तिसरं चित्र ठेवलं. "लावून बघा, सर. आठ वर्षांच्या मुलीला आम्ही एक मिनिट दिलं होतं. तुम्ही दोन घ्या."

घड्याळ सुरू झालं. साहेब हसले, बाह्या सारल्या. तीन ठोकळे झटकन लागले. चौथा फिरवला. उलटा केला. पुन्हा फिरवला. लागलेल्या तिघांना मोडून नव्यानं लावलं, जणू दोष त्यांचाच. कान लाल झाले. फाईल घेऊन आलेले हेडक्लार्क दारातच थबकले आणि छताकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

"थांबा, मला जमतंय... हा ठोकळाच मुळी..."

"बोलायचं नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "लावा."

टक्.

"वेळ संपली." मॅडमनी पेन उघडलं. "काय लिहू? सूचना पाळत नाही?"

साहेबांनी ठोकळा टेबलावर ठेवला. मग यादी पुढं ओढली आणि सही केली. मॅडम उठल्या तेव्हा खालच्या आवाजात म्हणाले, "त्या मुलीनं सांगितलं होतं म्हणता?"

"पहिल्याच दिवशी, सर."

तुम्ही टाळ्या वाजवाल म्हणून पुढचंही सांगतो. त्याच आठवड्यात मॅडमना नोटीस आली: परवानगीशिवाय जुने केसपेपर का काढले, कारण दाखवा. सही खालची, साहेबांचीच. माणसं अशीच असतात. उजव्या हातानं चांगलं करतात आणि डाव्या हातानं त्याची भरपाई करून घेतात. मॅडमनी उत्तर लिहिलं एका ओळीचं: 'कारण सदतीस.' नोटीस अजून टेबलावर आहे. खिडकीतून वारा येतो, म्हणून तिच्यावर मामांचा खोटा ठोकळा ठेवलेला असतो. आयुष्यात पहिल्यांदा तो कुठं तरी बरोबर बसलाय.

पत्रं सदतीस गेली. माणसं आली एकवीस. बाकीच्यांचे पत्ते बदलले होते, की त्यांची आशाच सुटली होती, मला ठाऊक नाही. एकविसांतल्या बारा जणांचं जुनं निदान खरंच निघालं. तेही सांगायला हवं, नाहीतर मीही वहीसारखा खोटा. नऊ जणांचं साफ चुकलेलं होतं. त्यांतला एक तेवीस वर्षांचा तरुण नवा कागद उलटसुलट करून बघत म्हणाला, "आता काय करू याचं?" मॅडमनी त्याला उपदेश केला नाही. म्हणाल्या, "माझी चूक आहे. बसा. जे करता येईल ते आजपासून दोघं मिळून शोधू." तो अजून दर बुधवारी येतो.

आणि मुंगी? कार्यशाळेची जागा गेली, मावशी म्हणाली होती तशीच. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, एवढी घोडी मुलगी कुठल्या वर्गात बसवू? तेव्हा तीच मावशी, जी जुना आकडा मागत होती, तीन दिवस सकाळपासून शाळेच्या ऑफिसात बसून राहिली. "तुमच्या कागदावर आम्ही सहा वर्षं गप्प बसलो," ती म्हणाली. "आता आमच्या कागदावर तुम्ही हला." चौथ्या दिवशी मुंगीला सातवीत घेतलं. बाकात तिचे गुडघे मावत नाहीत. ती आडवी बसते.

परवा ती खोली नंबर सहामध्ये आली होती. टेबलावरचा ठोकळा बघून म्हणाली, "हा अजून इथंच?"

"हो. साक्षीदार आहे," मॅडम म्हणाल्या. खोलीत शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या मानसशास्त्रज्ञाला पहिल्या दिवशी तीन खऱ्या ठोकळ्यांबरोबर तोच ठोकळा देतात आणि घड्याळ लावतात. जो "हा वेगळाय" म्हणतो, तो पुढं शिकतो. जो गप्प राहून घाम गाळतो, त्याला आधी बोलायला शिकवतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी शेवटी काही तरी मागायचं असतं. मला पुसा, तेल द्या, जपून ठेवा, असं मी मागणार नाही. मला खुशाल ओरखडे पडू द्या. मी एवढंच म्हणतो, की तुमच्या हातात कुणी खोटा ठोकळा दिला तर तो मोठ्यानं खोटा म्हणा. बोलायचं नाही म्हणाले, तरी म्हणा. वेळ संपली म्हणाले, तर पुन्हा येऊन म्हणा. सहा वर्षांनी का होईना. आणि उद्या घड्याळ तुमच्या हातात आलं, तर नजर समोरच्याच्या हातांवर ठेवा.

गेल्या महिन्यात मामा निवृत्त झाले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी साठ्याची वही उघडली, चष्मा लावला, माझं झाकण सरकवून एकेक ठोकळा सहाही बाजूंनी फिरवून बघितला. टेबलावरचाही बघितला. मग वर्षानुवर्षांच्या 'बरोबर'च्या खाली लिहिलं:

'ठोकळे दहा. एक खोटा. टाकू नये.'